स्क्रोलिंगला पर्याय हवा असेल तर शेवट असलेल्या गोष्टी हाताशी ठेवा

तुम्ही विचारलंय की रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटं म्हणून रील्स उघडता आणि बघता बघता एक वाजतो. दोनदा ॲप काढून टाकलं, दोनदा परत घेतलं. कामासाठी मोबाईल तर लागतोच, मग याला बरा पर्याय काय? मी ठाण्याच्या नौपाड्यात राहते आणि ऐरोलीला ॲपचे स्क्रीन डिझाइन करायचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या प्रश्नात "माझाच स्वतःवर ताबा नाही" असा सूर आहे, तो आधी काढून टाका. समोरची वस्तू कशी बनवली आहे ते कळलं की पर्याय शोधणं सोपं जातं.

पूर्वी वेबसाइटवरचं पान संपायचं. खाली "पुढील पान" असं बटण असायचं आणि ते दाबायचं की उठून पाणी प्यायचं, हे तुम्ही ठरवत होतात. २००६ च्या सुमारास एझा रास्किन या डिझायनरने पान संपूच नये, बोटाने सरकवलं की पुढचा मजकूर आपोआप यावा, अशी रचना केली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पंगतीत पान रिकामं व्हायच्या आत वाढपी पुन्हा वाढत राहिला तर पोट भरल्याचं कळायला वावच राहत नाही, तसं हे. त्यात पुढची रील कशी निघेल ते माहीत नसतं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने उंदीर-कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं की दर वेळी खाणं मिळण्यापेक्षा अधूनमधून, अवचित मिळालं तर प्राणी जास्त चिकाटीने प्रयत्न करत राहतात. बऱ्याचशा रील्स सुमार असतात, मधेच एखादी झकास लागते, आणि त्या एकीसाठी आपण पुढच्या वीस बघतो. आपल्याकडे हे किती झपाट्याने आलं ते आठवून बघा: २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणल्या आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स.

म्हणून "मोबाईल कमी वापरा" हा सल्ला मला अपुरा वाटतो. मी सांगेन, जे संपतं ते निवडा. मोबाईलवरही आणि मोबाईलबाहेरही.

मोबाईलवर माझा सगळ्यात मोठा आधार आहे आरएसएस, म्हणजे आपण निवडलेल्या साइटवरचा नवा मजकूर एका यादीत आणून देणारी सोय. नाव रुक्ष आहे आणि तंत्र १९९९ पासूनचं आहे, पण आजही उत्तम चालतं. फीडली किंवा इनोरीडर यांपैकी एखादं ॲप घ्यायचं, आवडत्या ब्लॉगचा किंवा बातम्यांच्या साइटचा पत्ता त्यात टाकायचा, ते त्या साइटची फीड, म्हणजे नव्या मजकुराची यादी, शोधून देतं. यूट्यूबचे चॅनलही असे जोडता येतात. मग तुम्ही निवडलेल्यांनी नवीन काही टाकलं तर तेवढंच दिसतं, ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने. माझ्याकडे दोन-तीन स्वयंपाकाचे ब्लॉग, एक रेल्वेवेड्या माणसाचा, काही डिझाइनचे आणि एक बातम्यांची साइट आहे. संध्याकाळी ऐरोलीहून गाडीत बसले की ते उघडते. कधी चार लेख असतात, कधी एकच. वाचून झाले की यादी रिकामी होते आणि खाली सरकवायला काही उरतच नाही. पहिले काही दिवस ती रिकामी यादी बघून चुकल्यासारखं होईल, बोट उगीच स्क्रीनवर फिरेल. तेवढं निभावून न्या. एक पथ्य पाळा: सुरुवातीला मोजकेच स्रोत जोडा. दिवसाला शंभर बातम्या ओतणारी साइट जोडलीत तर पुन्हा तोच पूर.

यूट्यूब सोडायची गरज नाही. सेटिंगमध्ये जाऊन वॉच हिस्टरी, म्हणजे तुम्ही काय काय पाहिलं त्याची नोंद, बंद करा आणि जुनी पुसून टाका. मग होम पेजवरच्या शिफारशी जातात आणि सबस्क्रिप्शन तेवढी राहतात. हे एक काम आजच करा, फरक लगेच दिसतो. इन्स्टाग्रामवर फक्त तुम्ही फॉलो करता त्यांच्या पोस्ट क्रमाने दाखवणारी "फॉलोइंग" फीड २०२२ मध्ये आली, पण ती कायमची लावून ठेवता येत नाही, दर वेळी निवडावी लागते. त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवू नका. वेळेची मर्यादा लावणाऱ्या सोयींवरही माझा फारसा विश्वास नाही, कारण मर्यादा संपल्यावर ती ओलांडायचं बटणही तिथेच, अंगठ्याखाली असतं.

आता मोबाईलबाहेरचं. तुम्ही कळव्याला राहता असं लिहिलंय, म्हणजे ठाणे एका स्टेशनावर. स्टेशनपासून चालत जाण्यासारखं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं आहे, नगर वाचन मंदिर तर त्याहून जुनं, १८५० चं. यांपैकी कुठेही किंवा घराजवळच्या एखाद्या वाचनालयात सभासद व्हा. अनामत आणि वर्गणी सहसा खिशाला परवडेल अशी असते. वाचनालयाचा खरा उपयोग मला वाटतो तो पुस्तक बदलायला जाण्यात. कपाटासमोर उभं राहून चार पुस्तकं चाळायची, काउंटरवरच्या बाईंना "या लेखिकेचं अजून काही आलंय का" विचारायचं, त्या "हे नेऊन बघा" म्हणून भलतंच काहीतरी हातात ठेवतात. हीसुद्धा शिफारसच, मात्र ती करणाऱ्या बाईंना तुम्ही रात्री एकपर्यंत जागं राहावं असं वाटत नसतं. कादंबरी जड वाटत असेल तर दिवाळी अंकांपासून सुरुवात करा. १९०९ पासूनची परंपरा आहे आपली. बऱ्याच वाचनालयांत एकदा पैसे भरून अंक आळीपाळीने घरी नेता येतात. एक कथा, एक लेख, झोप आली की मिटला.

सुटीच्या दिवसासाठी ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सुचवते. तिथून ठाणे खाडीत रोहित पक्षी बघायला बोट जाते. खाडीतलं हे रोहित पक्ष्यांचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी चौकशी करून जा, आणि हिवाळा ते मे हाच काळ धरा. माणसांत बसायचं असेल तर ठाण्यात आचार्य अत्रे कट्ट्यासारखे गप्पा-व्याख्यानांचे कार्यक्रम आहेत, गडकरी रंगायतन नाट्यगृहात नाटकं आहेत.

पण तुमचा त्रास रात्रीचा आहे, आणि रात्री अकराला दमलेला माणूस खाडीवर जात नाही, पुस्तकही उघडेलच असं नाही. त्या वेळेला काहीतरी हलकंच लागतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मी कानाने ऐकायचं सुचवते: पॉडकास्टचा एक भाग, कथावाचन किंवा गाणी, आणि त्याला स्लीप टायमर, म्हणजे ठरलेल्या वेळी आवाज आपोआप बंद होतो. दिवा बंद, स्क्रीन पालथी. डोळे आणि अंगठा मोकळे झाले की झोप बरीच लवकर येते. गजरासाठी साधं घड्याळ आणा आणि जमेल तेव्हा मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा.

ॲप परत घेण्याचं कारण तुम्ही मित्र रील पाठवतात असं दिलंय. ते अगदी खरं कारण आहे, मैत्री तोडायची नाहीच. मित्राने पाठवलेली जरूर बघा, पण ती संपली की वर न सरकवता मागे या, कारण त्यापुढची मित्राने पाठवलेली नसते. आणि बघून झाल्यावर नुसता हसरा चेहरा पाठवण्याऐवजी अधूनमधून त्याला फोन लावा.