वाचकांचे प्रश्न : अरालला जायचं, ते कशासाठी?

प्रश्न : कझाकस्तानात दहा दिवस आहोत. अल्माटी-अस्ताना बाजूला ठेवून अराल गावी दोन दिवस काढावेत का? वाळूत रुतलेली जहाजं पाहायची आहेत.

उत्तर : दोन दिवस जरूर काढा, पण जहाजांच्या आशेवर नको. झालानाश गावाजवळ पडलेली बहुतेक जहाजं भंगारासाठी कापून नेली गेली आहेत. इंटरनेटवर फिरतात ते जुने फोटो. गावातल्या मच्छीमार संग्रहालयाच्या आवारात काही बोटी ठेवल्या आहेत, त्या पाहा.

अराल समुद्र आटत गेला आणि त्याचे उत्तर-दक्षिण तुकडे पडले. अरालला जावं ते उत्तरेच्या तुकड्यात परतलेलं पाणी पाहायला. 2005 मध्ये कोकारालचा सुमारे 13 किमी लांबीचा बांध पूर्ण झाला. सीर दर्या नदीचं पाणी दक्षिणेला वाहून जायचं ते उत्तरेच्या छोट्या समुद्रात अडलं, पातळी सुमारे 42 मीटरवर आली, खारटपणा उतरला आणि नदीतले गोड्या पाण्याचे मासे पुन्हा समुद्रात शिरले. तरीही गावच्या जुन्या बंदरातून समुद्र दिसत नाही. त्यासाठी तास्तुबेकसारख्या किनाऱ्यावरच्या वस्तीला जावं लागतं. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो.

गाडी फोर-व्हीलच घ्या आणि ड्रायव्हर स्थानिकच हवा. कोरड्या पडलेल्या तळावर वरचा मिठाचा पापुद्रा पांढरा, टणक दिसतो. खाली चिखल ओला असतो. पावसानंतर तर चाक आसापर्यंत रुततं. वाटेत सावली नाही, फोनला रेंजचा भरवसा नाही. माणशी किमान चार लिटर पाणी न्या. वारा सुटला की खारट धूळ उठते, म्हणून मास्क, बंद चष्मा आणि कॅमेऱ्याला पिशवी हवीच.

प्रश्न : पोचायचं कसं? व्हिसा लागतो का?

उत्तर : भारतीय पासपोर्टवर एका खेपेला 14 दिवस व्हिसा लागत नाही, 180 दिवसांत मिळून 42 दिवसांची मर्यादा आहे.

रेल्वेनेच जा. तिकीट शोधताना स्थानकाचं नाव ‘अराल तेनिझी’, म्हणजे अराल समुद्र, असं टाका. पासपोर्ट क्रमांकात एक अंक चुकला तरी डब्याच्या दारातच अडवतात. ‘कुपे’ म्हणजे चार बर्थची बंद खोली, ‘प्लात्सकार्त’ म्हणजे उघडा डबा. दोन्हींत विषम क्रमांक खालचा बर्थ, सम वरचा. जुन्या प्रवासपुस्तिकांत ‘गाड्या अस्तानाच्या वेळेने धावतात, एक तास धरा’ असं लिहिलेलं असतं. ते आता विसरा : 1 मार्च 2024 पासून देशभर एकच वेळ आहे, भारतापेक्षा अर्धा तास मागे.

उतरल्यावर घाईने बाहेर पडू नका. स्थानकाच्या भिंतीवर मोझाइक आहे. 1921 च्या दुष्काळात लेनिनने पत्र लिहून मासे मागितले आणि अरालच्या कोळ्यांनी 14 वॅगन भरून पाठवले, तो प्रसंग त्यात आहे. समुद्र या गावाला काय होता, ते त्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर कळतं.

वाटेत त्योरेताम स्थानक लागेल. तिथे उतरून बायकोनूर, म्हणजे अवकाशतळाचं शहर, पाहता येईल, असं समजू नका. ते शहर रशियाने भाड्याने घेतलेलं आहे, आधी परवाना काढल्याशिवाय आत सोडत नाहीत.

प्रश्न : शाकाहारी माणसाचं काय?

उत्तर : कठीण आहे. सूपसुद्धा मटणाच्या पाण्यातलं असतं. ‘येत्सिझ’ म्हणजे ‘मांसाशिवाय’, हा शब्द पाठ करा. पाव, सॅलड, बटाटे, चहा मिळतो. रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याचा बंब असतो, तेव्हा झटपट शिजणारं काही सोबत ठेवा.

महिने म्हणाल तर मे किंवा सप्टेंबर. जुलैत पारा 40 च्या वर जातो, जानेवारीत शून्याच्या बराच खाली.