सहीला बोलावतात, सल्ल्याला नाही

प्रश्न : ताई, आठ वर्षं कोर्टात वकिली केल्यावर मी गेल्या वर्षी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या विधी विभागात रुजू झाले. करार तपासण्यापलीकडे मला कोणी काही विचारत नाही. नवीन उत्पादन बाजारात जायच्या आदल्या दिवशी कागद टेबलावर येतो. शंका काढली की ‘लीगलने खोडा घातला’ म्हणतात. व्यवस्थापनाच्या बैठकीत मला जागा द्या, असं मागू का?

उत्तर : जरूर मागा. पण तिथे पोचेपर्यंत निम्मे निर्णय होऊन गेलेले असतात, हे धरून चाला. तंत्रज्ञान कंपनीत कायद्याचे मोठे निर्णय इंजिनिअर मंडळी घेतात, आणि आपण असा काही निर्णय घेतोय हे त्यांना कळतही नाही. डेटाबेसमध्ये कोणता रकाना ठेवायचा, माहिती किती दिवस साठवायची, इतरांनी लिहिलेला कोणता तयार कोड (लायब्ररी) उचलायचा, हे सगळं फळ्यावर आकृती काढताना ठरतं. तुम्हाला आधी त्या फळ्यासमोर जागा मिळवायची आहे.

माझाच अनुभव सांगते. आमच्या ॲपमध्ये वापरणाऱ्याचं ठिकाण दर मिनिटाला नोंदवायचं ठरलं होतं. कागद माझ्याकडे आला तेव्हा काम पूर्ण झालं होतं. मी अकरा पानांचं टिपण पाठवलं. कोणी वाचलं नाही. मग मी त्या टीममध्ये जाऊन बसले आणि एकच विचारलं, ‘एवढं अचूक ठिकाण तुम्हाला कशासाठी लागतं?’ थोडा वेळ कोणी बोलेना. शेवटी एक मुलगी म्हणाली, ‘खरं तर परिसर कळला तरी पुरे.’ नेमकं ठिकाण आणि दर मिनिटाची नोंद दोन्ही गेली, साठवणुकीचा खर्च उतरला आणि माझ्या टिपणातल्या बहुतेक शंकांना विषयच उरला नाही. पण तयार झालेलं काम पुन्हा करण्यात दोन आठवडे गेले. तोच प्रश्न महिनाभर आधी विचारला असता तर दहा मिनिटांत भागलं असतं. ते दोन आठवडे मला आजही बोचतात.

युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं पंचविसावं कलम हेच सांगतं : माहितीचं संरक्षण रचनेतच हवं, मागाहून चिकटवलेलं नको. गंभीर उल्लंघनाला दोन कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांतली मोठी रक्कम ही दंडाची कमाल मर्यादा आहे. हा आकडा सभागृहात दाखवून घाबरवू नका. घाबरलेली माणसं तुमच्यापासून गोष्टी लपवायला लागतात.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरकडे, म्हणजे ज्याचा कोड परवान्याच्या अटींवर कोणालाही वापरता येतो त्याकडे, मात्र लगेच लक्ष द्या. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने २००३ मध्ये लिंकसिस ही कंपनी विकत घेतली. तिच्या राउटरमध्ये जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याखालचा लिनक्स कोड होता. असा कोड उपकरणातून वाटला की त्याचा मूळ, वाचता येणारा कोडही (सोर्स कोड) ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो. ते नीट पाळलं नाही म्हणून मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर दावा लावला आणि २००९ मध्ये तडजोड झाली. कंपनी विकत घेताना इमारती आणि करार सगळेच तपासतात, कोडच्या परवान्यांची यादी मागायची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. ती तुम्ही घ्या. आतापासून यादी ठेवलीत, तर उद्या कोणी गुंतवणूकदार दाराशी आला की पहिल्या दिवशी तुमची आठवण निघेल.

‘खोडा’ या शब्दाचं वाईट वाटून घेऊ नका, पण त्यामागची तक्रार ऐका. कोर्टात आपल्याला प्रत्येक धोका दाखवायची सवय लागते. कंपनीत विचारणाऱ्याला हवं असतं : यातला खरा धोका कुठला, किती मोठा, आणि काय बदललं तर पुढे जाता येईल? एवढं अर्ध्या पानात लिहा. दहापैकी आठ धोके किरकोळ असतील तर तसं स्पष्ट लिहा आणि त्याची जबाबदारी घ्या. मग उरलेल्या दोनांवर ‘हे होणार नाही’ म्हणाल, तेव्हा त्या शब्दाला वजन येईल.

आणि ते म्हणायची वेळ येतेच. तुमचा अशील कंपनी आहे, तुमची पगारवाढ ठरवणारा साहेब नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या अपजॉन खटल्यात कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या वकिलाशी केलेल्या संभाषणाला गोपनीयतेचं संरक्षण दिलं, पण ते संरक्षण कंपनीचं आहे. म्हणून अंतर्गत चौकशीत समोरच्याला आधीच सांगा, ‘मी कंपनीची वकील आहे, तुमची नाही.’ हे न सांगता एखाद्या घाबरलेल्या सहकाऱ्याला बोलतं करणं मला अन्याय वाटतो. उलट युरोपीय न्यायालयाने २०१० च्या अक्झो नोबेल प्रकरणात स्पष्ट केलं की युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक चौकशीत कंपनीच्या पगारी वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला हे संरक्षण मिळत नाही. तेव्हा ईमेलमध्ये वकिलाचं नाव घातलं की मजकूर झाकला गेला, हा सहकाऱ्यांचा समज तुम्हीच दूर करा.

सुरुवात या आठवड्यापासून करा. पुढच्या तीन महिन्यांत काय बनणार आहे, ती यादी उत्पादन विभागाच्या प्रमुखांकडे मागा. त्यातली एकच गोष्ट निवडा आणि तिच्या पहिल्या बैठकीला मागच्या रांगेत बसू द्या म्हणा. वही न्या, प्रश्न विचारा, मत विचारल्याशिवाय देऊ नका. दुसऱ्या बैठकीचं आमंत्रण आलं का, ते मला नक्की कळवा.