बर्फाची पेटी की मशीन? दान केलेलं लिव्हर कसं टिकवतात

प्रश्न: आमच्या काकांना ॲक्सिडेंटनंतर ब्रेन डेड घोषित केलं, घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला आणि ग्रीन कॉरिडॉर करून लिव्हर पुण्याला नेलं. आता पुतण्याने मोबाईलवर दाखवलं की परदेशात लिव्हर मशीनवर चालू ठेवतात, तेव्हापासून काकूंच्या डोक्यात एकच, बर्फात नेलं म्हणजे निम्मं खराबच झालं असणार. खरं काय? आणि असलं मशीन सोलापुरात का नाही ओ?
– एक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, काकूंना आधी हे सांगा की बर्फाची पेटी ही कामचलाऊ सोय नाहीये, भारतात बहुतेक लिव्हर अशीच जातात आणि चांगली चालतात. लिव्हर नुसतं बर्फात टाकत नाहीत. आधी त्यातलं सगळं रक्त थंडगार सोल्युशनने धुऊन काढतात, मग त्याच सोल्युशनमध्ये बुडवून एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांत बांधतात, बर्फ लिव्हरला थेट लागूच देत नाहीत. चार डिग्रीच्या आसपास पेशींचं काम इतकं मंदावतं की रक्ताशिवायही त्या काही तास तग धरतात. ८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचं यूडब्ल्यू सोल्युशन आलं आणि हा वेळ बराच वाढला. तरी डॉक्टर ८ तासांच्या आत बसवायला बघतात, १२ च्या पुढे सहसा जात नाहीत. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, तेही रस्ता मोकळा करून, आणि तिकडे पेशंटचं ऑपरेशन आधीच सुरू केलेलं असतं, म्हणजे हे अंतर बर्फाच्या आवाक्यातलं आहे.

मग मशीन कशाला? तर लिव्हरची खात्री नसते तेव्हा. खूप चरबी असलेलं, वयस्कर दात्याचं, किंवा हृदय बंद पडल्यावर काढलेलं लिव्हर बर्फात जास्त मार खातं, आणि पेटीत ते कसंय हे कळायला काही मार्गच नसतो. गरम मशीनमध्ये ३७ डिग्रीला रक्त आणि ऑक्सिजन फिरवत ठेवतात, लिव्हर तिथंच पित्त तयार करायला लागतं, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं आम्ल) उतरतंय का ते दिसतं, आणि मग ठरवता येतं की बसवायचं की नाही. २०१८ मध्ये युरोपातल्या २२० ट्रान्सप्लांटचा अभ्यास आला, त्यात वाया जाणारी लिव्हर गरम मशीनमुळे निम्म्याने कमी झाली, पण पेशंट जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. हे दुसरं वाक्य व्हिडिओत कुणी सांगत नाही.

मला स्वतःला तिसरी पद्धत जास्त मोलाची वाटते, थंड मशीन. लिव्हर नेहमीसारखं बर्फातच आणायचं आणि बसवण्याआधी एक-दोन तास दहा डिग्रीच्या आसपास ऑक्सिजन भरलेलं सोल्युशन त्यातून फिरवायचं. एवढ्यानं पेशींना परत दम येतो, आणि पित्तनलिका, ज्या सगळ्यात नाजूक, त्या वाचतात. २०२१ च्या अभ्यासात, हृदय बंद पडलेल्या दात्यांच्या लिव्हरमध्ये, पित्तनलिका आकसण्याचा त्रास नुसत्या बर्फात १८ टक्के पेशंटना झाला, थंड मशीन वापरल्यावर ६ टक्के. आपल्याकडे मात्र बहुतेक दाते तुमच्या काकांसारखे ब्रेन डेड असतात, शेवटपर्यंत हृदय चालू असतं, त्यामुळे हा धोका मुळातच कमी.

आता सोलापूरचं. थंड मशीन लागतं ते लिव्हर जिथं बसवणार तिथं, म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या मोठ्या सेंटरला. गरम मशीन प्रवासातही नेता येतं, पण ते महाग, सोबत शिकलेली टीम लागते, आणि मधेच काही बिघडलं तर लिव्हर गरमच असतं, बर्फासारखी सवड मिळत नाही. सोलापुरात त्याआधी गरज आहे ती आयसीयूत ब्रेन डेड पेशंट वेळेत ओळखून घरच्यांशी नीट बोलणाऱ्या माणसांची, कारण होकारच मिळाला नाही तर पेटी काय आणि मशीन काय, दोन्ही रिकामीच राहतात.