पोस्टर लावण्याआधी आयपीआर सेलचं दार ठोठावा

प्रश्न : मी रसायनशास्त्रात पीएचडी करतेय. पाण्यातलं फ्लोराइड शोषून घेणारा एक स्वस्त पदार्थ आमच्या लॅबमध्ये तयार झालाय. पुढच्या महिन्यात परिषदेत पोस्टर आहे. गाइड म्हणतात, "आधी पेपर टाक, पेटंटच्या भानगडीत वर्ष जाईल." विद्यापीठात आयपीआर सेल (बौद्धिक संपदा हक्कांचा, म्हणजे पेटंटचं काम पाहणारा विभाग) आहे, पण तिथे कुणी गेलेलं पाहिलं नाही. काय करू?

उत्तर : पोस्टरचा मजकूर पाठवण्याआधी त्या सेलमध्ये जा. पेटंटला शोध नवा लागतो, आणि आपणच तो जगासमोर मांडला की नवेपणा संपतो. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आपल्या कायद्यात १२ महिन्यांची मर्यादित सवलत आहे, पण युरोपात तीही मिळत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाने पोस्टरच्या कोपऱ्यात तापमान, वेळ, प्रमाण सगळं छापलं होतं. सेलमध्ये गेला दीड वर्षाने. तिथल्या बाईंनी परिषदेच्या संकेतस्थळावरचं त्याचंच पोस्टर उघडून त्याच्यापुढे ठेवलं. मला अजून हळहळ वाटते, कारण त्याला वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं.

सांगणारं कुणी असलं की काय होतं, ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात दिसतं. तिथले कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातले बॉयर या शास्त्रज्ञांचा जनुक जोडण्याच्या तंत्रावरचा पेपर १९७३ च्या नोव्हेंबरात छापून आला होता. स्टॅनफर्डच्या पेटंट कार्यालयातल्या नील्स रायमर्स यांनी वर्तमानपत्रात त्याबद्दल वाचलं आणि नाखूश कोहेनना राजी केलं. अमेरिकेतली वर्षाची मुदत संपायला जेमतेम आठवडा असताना, १९७४ मध्ये अर्ज गेला. परदेशातले हक्क तोवर गेलेच होते. तरी त्या पेटंटांतून दोन्ही विद्यापीठांना २५ कोटी डॉलरहून जास्त मिळाले.

गाइडना सांगा, वर्ष जात नाही. पदार्थाची पुरेशी माहिती देऊन प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज केला की तुमच्या शोधाची तारीख पक्की होते. मग पेपर खुशाल पाठवा. पूर्ण अर्जाला त्यापुढे १२ महिने असतात. सरकारी फीचीही धास्ती नको. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना ८० टक्के सवलत आहे, ऑनलाइन अर्जाला ८,००० ऐवजी १,६०० रुपये पडतात. खरा खर्च आणि डोकेदुखी असते जुनी पेटंटं धुंडाळण्याची आणि क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते, लिहिण्याची. सेलने हे ओझं उचललं तर अर्ज करणं सोपं जातं, नाहीतर लॅबचा रगाडा सांभाळून कुणाला जमणार?

सेलमध्ये दोन गोष्टी स्पष्ट विचारा. अर्जदार विद्यापीठ असेल, पण संशोधक म्हणून तुमचं नाव लागणार ना? आणि उत्पन्नातला वाटा धोरणात किती लिहिलाय? प्रबंध शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडारात, चढतो, तो अर्जाआधी खुला होऊ नये अशी विनंतीही तेव्हाच करा.

सेल नावापुरताच निघाला, तर पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या, नवउद्योगांना मदत करणाऱ्या व्हेंचर सेंटरमध्ये चौकशी करा, मात्र विद्यापीठाला कळवून. जाताना तारखा-सह्यांची प्रयोगवही घ्या, आणि गाइडनाही सोबत न्या.