अचानक छातीत धडधड, ईसीजी मात्र नॉर्मल: काय असू शकतं आणि कधी धावायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की शहाद्याला राहता, वय 32, बसल्या बसल्या छाती धडधडायला लागते, दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलेली असते आणि ईसीजी नॉर्मल येतो. मी डॉक्टर नाही, अमळनेरकडच्या एका कापसाच्या जिनिंगवर हिशेब लिहितो. पण तुमचं वाचून माझीच चार वर्षं आठवली.

मला पहिल्यांदा झालं ते सरकीचं पोतं सरकवायला वाकलो तेव्हा. बटण दाबावं तसं सुरू. मानेतली शीर उडताना समोरच्याला दिसत होती. आई विचारतेय, "काय व्हयनं रे भाऊ?" आणि मला सांगता येईना. वीस मिनिटांनी खटकन बंद. वर तासाभरात चार वेळा लघवी (हेही डॉक्टरांना सांगा, माझ्या वेळी ते खुणेचं निघालं). एकाने ॲसिडिटी म्हटलं, दुसऱ्याने टेन्शन. टेन्शन होतंच म्हणा, दिवाळीनंतर जिनिंगवर कोणाला नसतं?

शेवटी धुळ्याला धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला. ठोके मिनिटाला 188. डॉक्टर म्हणाले पीएसव्हीटी, म्हणजे अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी हृदयाची वेगवान धडधड. हृदयात विजेची एक जादा वाट असते, त्या वाटेने ठोका गोल गोल फिरत राहतो. आधी मला रिकाम्या सिरिंजमध्ये 15 सेकंद जोरात फुंकायला लावलं, लगेच आडवं करून पाय वर धरले. त्याने थांबलं नाही, मग शिरेतून ॲडेनोसिन नावाचं ठोके थांबवून ताळ्यावर आणणारं औषध दिलं. ते काही सेकंद जीव जातोय असं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण थांबलं. पुढे मांडीच्या शिरेतून वायर घालून ती वाट जाळली. त्यानंतर झालेलं नाही.

धडधड थांबल्यावर ईसीजी काढणं म्हणजे लाईट आल्यावर वायरमनला बोलावणं. फॉल्ट दिसणार कुठून? पुढच्या वेळी जवळ जो दवाखाना असेल तिथे चालू असतानाच ईसीजीची पट्टी काढून घ्या. नाही जमलं तर होल्टर लावायचं विचारा, ते ठोके सतत नोंदवणारं यंत्र 24 तास किंवा जास्त वेळ अंगावर राहतं. दरम्यान मनगटावर 15 सेकंद नाडी मोजून चारने गुणा. ठोके एकसारखे होते की वेडेवाकडे, तेही लिहा. वेडेवाकडे असतील तर प्रकार वेगळा, आणि वयस्कर माणसात त्यातून लकव्याचाही धोका असतो.

तुमचं पीएसव्हीटीच असेल असं मी म्हणत नाही. हळूहळू चढून हळूहळू उतरत असेल तर घाबरणं, ताप, जुलाब, मे महिन्यातलं आपलं ऊन, रिकाम्या पोटी चहावर चहा, सर्दीची गोळी, दम्याचा पंप, यातलं काहीही असू शकतं. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखर तपासाच. तुमच्या नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, घरात कोणाला असेल तर सांगा.

छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर वाट बघायची नाही, 108. शांत बसूनही पंधरा-वीस मिनिटांत उतरलं नाही तरी निघा. गरोदर असाल, आधीच हृदयाचा आजार असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर एवढंही थांबू नका. आणि मोटरसायकलवर मागे बसून जाऊ नका. मी तसा गेलो होतो, पारोळ्याच्या अलीकडे डोकं गरगरलं आणि पुढच्याच्या शर्टाला धरून कसाबसा बसून राहिलो.

चालू धडधडीतला ईसीजी मिळाला की तिथेच मोबाईलवर फोटो काढा. त्या कागदावरची छपाई हळूहळू उडून जाते.