ताईंना विचारा: पॅसिफिक बेटांवर ‘त्या’ विषयावर कोण बोलतं?

प्रश्न: ताई, मी बारावीला बायॉलॉजी शिकवते, प्रजननाचा धडा आला की वर्गात नुसतं खीखी सुरू. पॅसिफिकमधल्या बेटांवर कमी वयातली बाळंतपणं हा मोठा प्रश्न आहे असं वाचलं, तिथले पुढारी यावर बोलतात का?

उत्तर: बोलतात गं, पण मोजकेच. पापुआ न्यू गिनीच्या डेम कॅरोल किडू घे, २००२ ते २०१२ अशी दहा वर्षं १०९ जणांच्या संसदेत एकटी बाई! मंत्री असताना बालसंरक्षण, एचआयव्ही असले नकोसे विषय त्यांनी लावून धरले, बायकांसाठी २२ राखीव जागांचं बिलही आणलं, ते मात्र शेवटी अडकलं ते अडकलंच.

पण मला खरं आवडतं ते मार्शल बेटांवरच्या डार्लीन केजू यांचं काम. अमेरिकेने तिथे केलेल्या अणुचाचण्यांनी लोकांचं काय झालं हे जगाला ओरडून सांगणारी ही बाई, ऐंशीच्या दशकात तिने ‘यूथ टू यूथ इन हेल्थ’ काढलं आणि कुटुंबनियोजन शिकवायला चक्क तरुण पोरांनाच उभं केलं, लेक्चर नाही काही नाही, गाणी, नाच, नाटुकली, तेही त्यांच्याच भाषेत, म्हणजे म्हातारी माणसंसुद्धा बसून बघणार. १९९६ मध्ये कॅन्सरने त्या गेल्या, वय जेमतेम पंचेचाळीस.

तुझ्या वर्गातल्या खीखी करणाऱ्यांनाच एकदा नाटुकलं बसवायला सांग की, मागच्या बाकावरच्यांना आधी.