कायसेरी, केसरी आणि चार हजार वर्षांपूर्वीची गाढवं

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त तुर्कस्तानात कायसेरी नावाच्या शहरात आहे. तिथले लोक म्हणे अभिमानाने सांगतात की आमचं शहर ६ हजार वर्षं जुनं. हे खरं धरायचं का? आणि या नावाचा आपल्या 'केसरी'शी काही संबंध आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी सोपं उरकतो. केसरी म्हणजे आयाळवाला, सिंह, अस्सल संस्कृत शब्द, त्याचा इथे काही संबंध नाही. कायसेरी आलंय सीझरवरून. गावाचं जुनं नाव माझाका, मग कप्पादोकियाच्या, म्हणजे त्या भागाच्या, राजाने रोमन सम्राट ऑगस्टसची मर्जी राखायला ते कैसरिया केलं, आणि एवढं करूनही इ.स. १७ मध्ये रोमनांनी त्याचं राज्य खालसा केलंच! नाव मात्र टिकलं, तुर्कांच्या तोंडी त्याचं कायसेरी झालं. व्हिक्टोरिया राणी 'कैसर-ए-हिंद' झाली त्यातला कैसर तो हाच.

आता वय. इथे थोडी गंमत आहे, कारण गावकरी जो आकडा सांगतात तो आजच्या शहराचा नाहीच, तो २० किलोमीटरवरच्या कुलतेपे नावाच्या टेकाडाचा. कुलतेपे म्हणजे राखेची टेकडी. तिथे निदान ५ हजार वर्षांपूर्वीपासून वस्ती होती आणि त्या नगराचं नाव कानेश. म्हणजे गाव एकच म्हणायचं तर ते मधे जागा बदलून बसलंय, माझ्या मते एर्जियेस डोंगराच्या पायथ्याचं मैदान आणि त्यातून जाणारे रस्ते हेच खरे जुने, गाव त्यांच्या आधाराने इकडे-तिकडे सरकत राहिलं.

पण कानेश म्हणजे खजिना आहे हो. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी इराकमधल्या असूर शहरातले व्यापारी हजारएक किलोमीटर गाढवं हाकत इथे यायचे, येताना कथील आणि कापड, जाताना चांदी-सोनं. कानेशच्या तटाबाहेर त्यांची पेठच होती आणि तिथल्या घरांत मातीच्या पाट्यांवरचा त्यांचा पत्रव्यवहार सापडलाय, तोही २० हजारांहून जास्त पाट्या! हिशेब, उधारी, कोर्टकज्जे, जकात चुकवून आडवाटेने माल कसा न्यायचा याच्या सूचना, आणि असूरमध्ये मागावर कापड विणणाऱ्या बायकांची नवऱ्यांना पत्रं, की माल पाठवला त्याचे पैसे कुठायत. वाचताना हसू येतं, चार हजार वर्षांत घराघरातलं बोलणं काही बदललेलं नाही.

या पाट्या आधी गावकरी गुपचूप विकायचे, कुठे सापडतात ते कोणी सांगेना, शेवटी १९२५ मध्ये चेक पंडित ह्रोझनी यांनी ती जागा शोधली. याच ह्रोझनींनी दहा वर्षं आधी हित्ती भाषा, म्हणजे प्राचीन काळी याच भागात राज्य करणाऱ्या हित्ती लोकांची भाषा, उलगडली होती. त्यात पाण्याला 'वातर' म्हणतात, आपलं उदक त्याच कुळातलं. आणि हित्ती लोक स्वतःच्या भाषेला 'नेशाची भाषा' म्हणायचे, नेशा म्हणजे हेच कानेश. आपल्या मराठीच्या दूरच्या चुलत घराण्यातली ही सगळ्यात जुनी लिहिलेली भाषा, आणि तिचं नाव मुलाच्या ऑफिसपासून २० किलोमीटरवरच्या टेकाडावरून पडलेलं!

पुढचं पटकन सांगतो. इ.स. २६० मध्ये इराणच्या शापूरने शहर लुटलं, १०६७ मध्ये सेल्जुक तुर्कांनी, १२४३ मध्ये मंगोलांनी. मधल्या काळात, १२०६ मध्ये, गेव्हेर नेसिबे या सेल्जुक राजकन्येच्या नावाने दवाखाना आणि वैद्यकशाळा बांधली, ती इमारत आजही उभी आहे, मुलाने नक्की बघावी. इस्तंबूलची सुलेमानिये मशीद बांधणारा सिनान जवळच्याच आअरनास गावचा. आर्मेनियन आणि ग्रीक लोकही इथे शतकानुशतकं होते, १९१५ ची आर्मेनियनांची हद्दपारी नि कत्तली आणि १९२३ ची ग्रीस-तुर्कस्तानमधली लोकसंख्येची अदलाबदल यांनंतर जवळपास दिसेनासे झाले. हे मात्र अभिमानाने सांगणाऱ्यांच्या तोंडी कमीच येतं.

कायसेरीकर व्यापारात इतके पक्के की गाढवाला रंग देऊन स्वतःच्याच बापाला विकतील असं तुर्क चेष्टेने म्हणतात. बघा, गाढव अजून सुटलेलं नाही.

मुलगा मांस खात असेल तर पास्तिर्मा चाखू दे, वाळवलेलं गोमांस असतं, वरून मेथी-लसूण-मिरचीचा जाड लेप. न खाणाऱ्याने दुकानाबाहेर उभं राहून वास घेतला तरी मेथी ओळखीची वाटेल.